एल-कार्निटिन : पोषणपूरकाचे आरोग्यदायी लाभ, मर्यादा आणि ताटातील पर्याय

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत पोषणपूरकांची बाजारपेठ शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी व्यायामशाळा उभ्या राहिल्या आहेत, पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण तेथे नियमित जातात आणि त्यांच्याबरोबर चूर्णांचे डबे, गोळ्यांच्या बाटल्या व द्रवरूप पूरके खेड्यांत पोहोचतात. 'एल-कार्निटिन' हे त्यांतील एक प्रमुख नाव आहे. ते 'चरबी जाळणारे' आणि 'थकवा घालवणारे' म्हणून विकले जाते. पशुखाद्य व कुक्कुटखाद्याच्या मिश्रणांतही हा घटक दिसू लागला आहे. त्यामुळे कृषी विस्तार कार्यकर्त्यांना त्याबद्दल दोन बाजूंनी विचारणा होते. शेतकरी कुटुंबातील तरुण स्वतःच्या शरीरासाठी विचारतो आणि पशुपालक गोठ्यासाठी विचारतो.

या लेखात कार्निटिन म्हणजे काय, ते शरीरात कोणते कार्य करते, त्याचा लाभ कोणाला सिद्ध झाला आहे आणि कोणाला झालेला नाही, याचे विवेचन केले आहे. ज्या अमिनो आम्लांपासून शरीर हा पदार्थ स्वतः तयार करते ती आपल्या रोजच्या आहारात पुरेशी असतात काय, हा शेतीशी थेट निगडित असलेला प्रश्नही येथे विचारात घेतला आहे.

कार्निटिन म्हणजे काय?

कार्निटिन हा नत्रयुक्त लहान सेंद्रिय रेणू आहे. तो प्रथिनांच्या साखळीत गुंफला जात नाही, म्हणून त्यास काटेकोर अर्थाने अमिनो आम्ल म्हणता येत नाही. तथापि त्याची निर्मिती लायसिन व मेथिओनिन या दोन अत्यावश्यक अमिनो आम्लांपासून होते. लायसिन रेणूचा कणा पुरवते, तर मेथिओनिन त्यावर जोडले जाणारे मिथिल गट पुरवते. म्हणून त्याचे वर्णन 'अमिनो आम्लजन्य पदार्थ' असे केले जाते.

इ. स. १९०५ मध्ये गुलेविच व क्रिमबर्ग या रशियन शास्त्रज्ञांनी मांसाच्या अर्कातून हा पदार्थ वेगळा केला. मांस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. १९२७ मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. त्यानंतर बराच काळ त्याचे कार्य अज्ञात होते. पुढे धान्यातील पिवळ्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर संशोधन करताना फ्रँकेल यांना असे आढळले की, विशिष्ट अज्ञात घटक आहारात नसल्यास या अळ्या जगत नाहीत. त्या घटकास 'जीवनसत्त्व बी-टी' असे नाव देण्यात आले. १९५२ मध्ये हा घटक म्हणजेच कार्निटिन असल्याचे सिद्ध झाले. १९५५ मध्ये फ्रिट्झ यांनी मेदाम्लांच्या ज्वलनाशी त्याचा संबंध दाखवून दिला आणि १९७३ मध्ये मानवातील कार्निटिनच्या कमतरतेचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले.

भुंगेऱ्याची अळी कार्निटिन तयार करू शकत नाही. निरोगी मानवी शरीर मात्र यकृत व मूत्रपिंडात ते तयार करते. म्हणून मानवासाठी ते जीवनसत्त्व मानले जात नाही आणि त्याची दैनंदिन आहारातील शिफारस ठरविण्यात आलेली नाही.

निसर्गात व शरीरात आढळणारे रूप 'एल' प्रकारचे असते. त्याचे आरशातील प्रतिबिंबासारखे 'डी' रूप शरीरास उपयोगी पडत नाही, उलट 'एल' रूपाच्या कार्यात अडथळा आणते. बाटलीवरील नावाआधीच्या या एका अक्षरास म्हणूनच महत्त्व आहे.

शरीरातील कार्य

आपल्या पेशींतील तंतुकणिका ही ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे होत. मेदापासून मिळणारी लांब साखळीची मेदाम्ले तंतुकणिकेच्या आतील पटलातून स्वतःहून आत जाऊ शकत नाहीत. कार्निटिन त्यांना जोडले जाते, पटलापार नेते, आत सोडते आणि पुढच्या खेपेसाठी परत येते. त्याचप्रमाणे आत साचलेले काही अनावश्यक आम्लगट बाहेर काढण्यासही ते साहाय्य करते.

साखर कारखान्याच्या उदाहरणाने हे कार्य सहज समजते. शेतातील ऊस म्हणजे मेद, कारखाना म्हणजे तंतुकणिका आणि ऊस गव्हाणीपर्यंत आणणारी बैलगाडी म्हणजे कार्निटिन. गाड्याच नसतील तर शिवारात कितीही ऊस उभा असला तरी गाळप होणार नाही. कार्निटिनच्या खऱ्या कमतरतेत नेमके हेच घडते. परंतु गाड्या पुरेशा असताना फाटकाबाहेर आणखी शंभर गाड्या उभ्या केल्याने गाळप वाढत नाही. ते कारखान्याच्या गाळप क्षमतेवर आणि साखरेच्या मागणीवर अवलंबून असते. शरीरात ही क्षमता नियमित श्रमाने व व्यायामाने वाढते आणि मागणी रोजच्या हालचालीने निर्माण होते. निरोगी व्यक्तीच्या स्नायूंत गाड्यांची वाण सहसा नसते. कार्निटिन पूरकाविषयीच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर या एका उदाहरणात सामावलेले आहे.

शरीरातील साठा आणि आहारातील स्रोत

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे २० ग्रॅम कार्निटिन असते आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भाग हृदयाच्या व हाडांना जोडलेल्या स्नायूंत साठलेला असतो. रोजची अंतर्गत निर्मिती शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे साधारण ०.१६ ते ०.४८ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीत सुमारे १० ते २९ मिलिग्रॅम इतकी असते. ही मात्रा अल्प वाटते; परंतु मूत्रपिंडे कार्निटिन वाया जाऊ न देता पुन्हा रक्तात शोषून घेतात, त्यामुळे साठा टिकून राहतो.

आहारातील स्रोतांचा विचार करता, रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या मांसात कार्निटिन सर्वाधिक असते. शिजवलेल्या गोमांसाच्या ८५ ग्रॅम तुकड्यात ४२ ते १२२ मिलिग्रॅम कार्निटिन नोंदविले गेले आहे. तेवढ्याच वजनाच्या कोंबडीच्या छातीच्या मांसात २ ते ४ मिलिग्रॅम व कॉड माशात ३ ते ५ मिलिग्रॅम असते. एक मोठा पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पूर्ण स्निग्धांशाच्या दुधात सुमारे ८ मिलिग्रॅम मिळते. धान्ये, भाज्या व फळे यांत त्याचे प्रमाण नगण्य असते. गव्हाच्या पावाच्या दोन कापांत ते केवळ ०.२ मिलिग्रॅम असते.

या आकड्यांवरून शाकाहारी व्यक्तींना पूरक घ्यावेच लागेल, असा निष्कर्ष काही जाहिराती काढतात. तो बरोबर नाही. शाकाहारी व्यक्तींच्या रक्तातील कार्निटिनची पातळी मांसाहारींपेक्षा काहीशी कमी असू शकते. परंतु त्यांची मूत्रपिंडे अधिक काटकसरीने काम करतात आणि अंतर्गत निर्मिती चालूच असते. अन्यथा निरोगी असलेल्या शाकाहारी प्रौढांत केवळ आहारामुळे कार्निटिन कमतरतेचे विकार उद्भवत नाहीत.

शोषणातील फरकही लक्षात घ्यावा. अन्नातील कार्निटिनपैकी साधारण ५४ ते ८६ टक्के शोषले जाते, तर पूरकांच्या मोठ्या मात्रेतील केवळ ५ ते २५ टक्के शोषले जाते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतून प्रत्यक्षात २५ ते १२५ मिलिग्रॅम इतकेच शरीरात जाते. उरलेला भाग आतड्यांतील जिवाणूंच्या वाट्याला जातो आणि त्यातून काही नको असलेले पदार्थ तयार होतात. त्यांचा उल्लेख पुढे केला आहे.

लाभ निश्चित कोणास होतो?

काही विशिष्ट स्थितींत कार्निटिन हे औषध ठरते. तेथे त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

१. जन्मजात प्राथमिक कमतरता : पेशींत कार्निटिन वाहून नेणारी यंत्रणा जनुकीय दोषामुळे निकामी असल्यास मूत्रावाटे कार्निटिन वाया जाते. अशा बालकांत रक्तशर्करा अचानक घटणे, स्नायूंची दुर्बलता आणि हृदयाच्या स्नायूंचा विकार अशी गंभीर लक्षणे दिसतात. वेळीच निदान होऊन नियमित कार्निटिन दिल्यास हृदयाचे कार्य सुधारते व बालकाचे प्राण वाचतात. दोष दोन्ही पालकांकडून आलेला असतो, त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा धोका वाढतो.

२. रक्तशुद्धीकरणावरील रुग्ण : मूत्रपिंड निकामी झालेल्या व दीर्घकाळ डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातून कार्निटिन बाहेर पडते. अशा रुग्णांतील सिद्ध झालेल्या कमतरतेसाठी शिरेवाटे कार्निटिन देण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेली आहे. मात्र कमतरता नसताना सर्वच डायलिसिस रुग्णांना ते द्यावे, याला पुरेसा आधार नाही.

३. विशिष्ट औषधांचा परिणाम : अपस्मारासाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट या औषधाने शरीरातील कार्निटिन घटू शकते. या औषधाच्या विषबाधेत व रक्तातील अमोनिया वाढल्यास डॉक्टर कार्निटिनचा वापर करतात.

४. अकाली जन्मलेली बालके : त्यांची कार्निटिन निर्मितीची क्षमता अपुरी असते. आईच्या दुधात कार्निटिन असते, हे स्तनपानाच्या अनेक गुणांपैकी एक होय.

या चारही स्थितींत निदान, मात्रा व कालावधी ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे. दुकानातील बाटली हा त्यावरील उपाय नव्हे.

लाभ अनिश्चित कोठे आहे?

वजन घटविणे : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात कार्निटिन घेणाऱ्यांचे वजन तुलनेच्या गटापेक्षा सरासरी सुमारे १.२ किलोने अधिक घटल्याचे आढळले. हा परिणाम आकडेवारीच्या दृष्टीने खरा असला तरी व्यवहारात लहान आहे. अनेक महिने पूरक घेऊन एक-सव्वा किलो वजन उतरणे आणि जाहिरातीतील छायाचित्रे यांत मोठे अंतर आहे. रोजचा चालण्याचा व्यायाम आणि तेल, साखर व तळलेल्या पदार्थांवरील नियंत्रण यांचा परिणाम त्याहून मोठा होतो व त्याचे इतर लाभही मिळतात.

व्यायाम व क्रीडाक्षमता : वीस वर्षांहून अधिक काळ झालेल्या संशोधनात कार्निटिनमुळे निरोगी खेळाडूची कामगिरी सुधारते, असा सातत्यपूर्ण पुरावा मिळालेला नाही. याचे कारण उद्बोधक आहे. नुसते पूरक घेतल्याने स्नायूंतील कार्निटिन सहजासहजी वाढत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्नायूंतील कार्निटिन सुमारे २१ टक्क्यांनी वाढविण्यासाठी दिवसातून दोनदा प्रत्येकी सुमारे २ ग्रॅम पूरक, त्यासोबत प्रत्येक वेळी ८० ग्रॅम कर्बोदके आणि तब्बल २४ आठवडे इतका खटाटोप करावा लागला. चरबी घटविण्यासाठी पूरक घेणाऱ्याने रोज १६० ग्रॅम कर्बोदके अधिक घ्यावीत, हे हेतूशीच विसंगत आहे. श्रमानंतरची स्नायूंची ठणक कमी होते, असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे.

हृदयविकार : हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील १३ चाचण्यांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात मृत्यूचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २,३०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनंतरच्या मुख्य निष्कर्षात लक्षणीय फरक दिसला नव्हता. त्यामुळे हृदयरुग्णाने स्वतःच्या मनाने हे पूरक सुरू करणे किंवा चालू औषधे बंद करणे सर्वथा अयोग्य आहे.

मधुमेहातील मज्जातंतूंची वेदना : असिटिल-एल-कार्निटिन या रूपाच्या चाचण्यांत काही सुधारणा नोंदविली गेली, परंतु २०१९ मधील कॉक्रेन परीक्षणाने त्या पुराव्याची विश्वासार्हता फारच कमी ठरविली.

पुरुषांतील वंध्यत्व : काही चाचण्यांत शुक्राणूंची चपलता वाढल्याचे दिसले आहे. अपत्यप्राप्तीचे प्रमाण त्याने निश्चितपणे वाढते, असे मात्र म्हणता येत नाही.

दुष्परिणाम व सावधगिरी

दिवसाला सुमारे ३ ग्रॅम मात्रेत मळमळ, उलटी, पोटात कळा, जुलाब आणि शरीराला माशासारखा वास येणे असे परिणाम दिसतात. अपस्माराच्या रुग्णांत झटके येण्याची शक्यता वाढू शकते. कार्निटिन थायरॉइड संप्रेरकाच्या पेशींतील कार्यास विरोध करते, म्हणून थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी. गर्भवती व स्तनदा मातांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी केवळ जाहिरातीवरून ते घेणे टाळावे.

दीर्घकालीन वापराबाबत आणखी एक मुद्दा आहे. आतड्यांतील काही जिवाणू न शोषलेल्या कार्निटिनपासून ट्रायमिथिल अमाईन तयार करतात. यकृतात त्याचे ट्रायमिथिल अमाईन ऑक्साईडमध्ये रूपांतर होते. या पदार्थाची रक्तातील वाढलेली पातळी आणि हृदयवाहिन्यांचे विकार यांचा संबंध असल्याचे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. पातळी वाढणे हे विकाराचे कारण आहे की लक्षण, यावर अजून चर्चा चालू आहे. तरीही निरोगी माणसाने अल्पशा लाभासाठी वर्षानुवर्षे मोठी मात्रा घेऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

ताटातील कार्निटिन : लायसिनचा हिशोब

शरीर कार्निटिन स्वतः तयार करत असल्याने कच्चा माल पुरेसा मिळतो काय, हा महत्त्वाचा प्रश्न ठरतो. त्यासाठी लायसिन व मेथिओनिन ही दोन अमिनो आम्ले लागतात. शिवाय लोह, जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व बी-६ आणि नायसिन यांची गरज असते. या निर्मितीतील दोन विकरे लोह व जीवनसत्त्व क यांच्या साहाय्यानेच कार्य करतात.

कार्निटिनसाठी लागणारे लायसिन अत्यल्प असते. परंतु लायसिन हे स्नायू, रक्त व रोगप्रतिकारक घटकांच्या बांधणीसाठी मोठ्या प्रमाणात लागते आणि तृणधान्यप्रधान आहारात तेच सर्वांत कमी पडते. प्रौढ व्यक्तीस प्रतिकिलो वजनामागे रोज सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनास १,८०० मिलिग्रॅम लायसिन आवश्यक आहे. आता एका साध्या आहाराचा अंदाजे हिशोब पाहू.

• ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅम : सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, त्यातून सुमारे ६३० मिलिग्रॅम लायसिन.
• तूरडाळ ६० ग्रॅम : सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, त्यातून सुमारे ८५० मिलिग्रॅम लायसिन.
• गाईचे दूध २५० मिलिलिटर : सुमारे ८ ग्रॅम प्रथिने, त्यातून सुमारे ६२० मिलिग्रॅम लायसिन.

केवळ भाकरी, चटणी व पातळ कालवण एवढाच आहार असल्यास लायसिनची गरज जेमतेम एक-तृतीयांश भागते. त्यात वाटीभर घट्ट डाळ व पेलाभर दूध आले की बेरीज सुमारे २,१०० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचते आणि पचनातील घट धरली तरी गरज जवळजवळ पूर्ण होते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. धान्यात लायसिन कमी असते, ते डाळीतून मिळते. भाकरी-आमटी, वरण-भात, खिचडी, इडली-सांबार, राजमा-चावल या भारतभरच्या जोड्यांमागील पोषणशास्त्र हेच आहे. अडचण एवढीच की अनेक घरांत या जोडीतील डाळीचा वाटा घटला आहे आणि घरचे दूध सकाळीच डेअरीला जाते.

कुक्कुटपालक शेतकऱ्यास ही संकल्पना नवीन नाही. मका-सोयाबीनच्या खाद्यात मेथिओनिन सर्वांत आधी कमी पडते आणि त्यापाठोपाठ लायसिन, हे त्यास ठाऊक असते. म्हणून दोन्ही अमिनो आम्ले तोलून मापून खाद्यात मिसळली जातात. एक अमिनो आम्ल कमी पडले तर उरलेली प्रथिनेही वाया जातात, हा नियम कोंबडीस लागू आहे तसाच शेतकऱ्याच्या मुलाबाळांनाही लागू आहे. शेडमधील खाद्याचा हिशोब ठेवणाऱ्या घरात स्वयंपाकघरातील डाळीचाही हिशोब असावा, इतके सांगणे पुरेसे आहे.

वाणांच्या निवडीतून पोषण

या प्रश्नावर कृषी संशोधनाने पिकांच्या वाणांतूनही उत्तर शोधले आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मक्यातील 'ओपेक-२' या जनुकामुळे लायसिनचे प्रमाण वाढते, असे आढळले. मात्र तो दाणा मऊ होता, किडीस बळी पडत असे व उत्पादनही कमी येई. भारतीय शास्त्रज्ञ सुरिंदर वासल आणि मेक्सिकोच्या इव्हँजेलिना व्हिलेगास यांनी दीर्घ परिश्रमाने हे दोष दूर करून 'उच्च प्रथिन गुणवत्तेचा मका' साकारला. या कार्यासाठी २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

अल्मोडा येथील विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने २००८ मध्ये 'विवेक क्यूपीएम ९' हा संकरित वाण दिला. नेहमीच्या मक्याच्या प्रथिनांत लायसिनचे प्रमाण दीड ते दोन टक्के असते. या वाणात ते ४.१९ टक्के आहे. मका हे जेथे घरातील मुख्य अन्न आहे, तेथे केवळ वाण बदलून लायसिनचा पुरवठा दुपटीने वाढतो.

लोहाच्या बाबतीत बाजरी उपयुक्त ठरते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झालेला 'धनशक्ती' हा वाण व त्यानंतर आलेला 'एएचबी १२०० एफई' हा संकरित वाण यांत प्रतिकिलो ७० मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. शेतात राबणाऱ्या महिलेच्या थकव्यामागे कार्निटिनच्या अभावापेक्षा रक्तक्षय असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. तिला 'ऊर्जा वाढविणारी' बाटली देण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करणे हा पहिला उपाय होय. लोहयुक्त जेवणासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाला लागून चहा घेतल्यास ते घटते.

पशुधनासाठी कार्निटिन

दुधाळ जनावरांत व्याल्यानंतरच्या काळात खाद्यातून मिळणारी ऊर्जा दुधातून जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी पडते. शरीरातील चरबी वितळून यकृतात साठते व किटोसिस उद्भवतो. कार्निटिन मेदाच्या ज्वलनास साहाय्य करत असल्याने या काळात ते देण्याचे प्रयोग झाले असून, यकृतातील मेद कमी झाल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे. तथापि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव साध्या कार्निटिनचे मोठ्या प्रमाणात विघटन करतात. म्हणून संरक्षित आवरणाशिवाय दिलेल्या पूरकाचा बराच भाग वाया जातो. वराहपालनात गाभण मादीस दिल्यास पिलांचे जन्मवजन वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. कोंबड्यांमधील परिणाम संमिश्र आहेत.

पशुपालकाने क्रम लक्षात ठेवावा. गाभणकाळाच्या अखेरीस जनावर फार लठ्ठ होऊ न देणे, विण्यापूर्वी तीन आठवडे खुराकाची हळूहळू सवय लावणे, चांगल्या प्रतीचा हिरवा व वाळलेला चारा आणि खनिज मिश्रण देणे ही कामे प्रथम करावीत. ती झाल्यानंतरच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने विशेष पूरकाचा विचार करावा.

खरेदी करताना लेबल कसे वाचावे?

डॉक्टरांच्या सल्ल्याने कार्निटिन घ्यायचेच असल्यास पुढील बाबी तपासाव्यात.

• नावात 'एल' हे अक्षर स्पष्ट असावे. 'डी' किंवा 'डीएल' प्रकार घेऊ नये.
• भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा.
• आरोग्यपूरकाच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचा उल्लेख असतो. तरीही विक्रेता रोग बरा होण्याची हमी देत असेल तर तो दावा नियमाविरुद्ध आहे, हे ओळखावे.
• मात्रा कोणत्या रूपाची आहे हे पाहावे. एल-कार्निटिन एल-टार्ट्रेटच्या १ ग्रॅममध्ये प्रत्यक्ष एल-कार्निटिन सुमारे ६८० मिलिग्रॅमच असते.
• घटकांची स्वतंत्र मात्रा न देता केवळ 'विशेष मिश्रण' असे लिहिलेले उत्पादन टाळावे. त्यात कॅफिनसारखे उत्तेजक मोठ्या प्रमाणात असू शकते.
• कुस्ती, कबड्डी किंवा धावण्याच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. कार्निटिन हे निषिद्ध द्रव्य नाही. परंतु भेसळयुक्त पूरकात निषिद्ध द्रव्य आढळल्यास त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही स्नायू वाढविण्यासाठी प्रथिन पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे, हे येथे नमूद करणे उचित होईल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील चर्चेत पूरकास सरसकट वाईट ठरवू नये, कारण काही रुग्णांसाठी ते जीवनदायी आहे. विचारणाऱ्यास तीन प्रश्न करावेत. कमतरतेचे निदान डॉक्टरांनी केले आहे काय? सध्या कोणती औषधे चालू आहेत? घरात रोज प्रत्येकाच्या वाट्याला किती डाळ व दूध येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर पूरकाची आवश्यकता बहुधा नसते. दुसऱ्या प्रश्नातून धोका लक्षात येतो. तिसऱ्या प्रश्नातून खरी उणीव सापडते आणि तिचे उत्तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात असते. महिला बचत गट, शेतीशाळा व भरतीपूर्व प्रशिक्षण वर्ग येथे वर दिलेला लायसिनचा हिशोब फळ्यावर मांडून दाखविल्यास तो चटकन समजतो.

बांधावर तूर, परसात शेवगा व लिंबू, खरिपात लोहयुक्त बाजरी, हंगामानुसार मूग-हरभरा आणि घरच्या दुधातून घरासाठी राखून ठेवलेला वाटा, अशी मांडणी केल्यास कार्निटिन तयार करण्यासाठी लागणारा जवळपास सर्व कच्चा माल शेतातूनच मिळतो.

निष्कर्ष

एल-कार्निटिन हा मेदापासून ऊर्जा मिळविण्यासाठी आवश्यक असा अमिनो आम्लजन्य पदार्थ आहे. जन्मजात कमतरता, डायलिसिस व काही औषधांचे परिणाम अशा स्थितींत त्याचे पूरक मोलाचे ठरते. निरोगी व्यक्तीत मात्र वजन घटविण्यासाठी त्याचा परिणाम लहान व क्रीडाक्षमतेसाठी अनिश्चित आहे, तर मोठ्या मात्रेचा दीर्घकाळ वापर जोखमीचा असू शकतो. निरोगी शरीर लायसिन, मेथिओनिन, लोह व जीवनसत्त्व क पुरेसे मिळाल्यास आपली गरज स्वतः भागविते. म्हणून शेतकरी कुटुंबाने पूरकावर होणारा खर्च आधी डाळ, दूध, अंडी, पालेभाज्या व फळांकडे वळवावा, थकवा कायम राहिल्यास रक्ततपासणी करून घ्यावी आणि कार्निटिनचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.